मामेकुळाचा रकाना

आमच्या वरूडकडे लग्नाचा बायोडाटा हातात आला की पोरंपोरी आधी फोटो पाहतात. जाणती मंडळी फोटोवर फार वेळ घालवत नाहीत. त्यांचं बोट शिक्षण, नोकरी, ओलिताची शेती, संत्र्याची झाडं असं खाली सरकत 'मामेकुळ' लिहिलेल्या ओळीवर येऊन थांबतं. आईचं माहेर कोणतं, त्या गावात आपलं कोण दिलंय, कोण आणलंय, याचा धागा लागला की बैठक सैल होते. "म्हणजे तुम्ही आमचेच निघाले," असं कोणी तरी म्हणतं आणि चहाची दुसरी फेरी सुरू होते.

हा रकाना फार जुना आहे. तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत तो ठसठशीत दिसतो. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा गौतमीपुत्र. त्याला भारशिव नागांच्या भवनाग राजाची मुलगी केली होती. त्यांचा मुलगा पहिला रुद्रसेन. पुढच्या राजांनी वंशावळ कोरताना या रुद्रसेनापाशी हमखास थांबून त्याचं आजोळ सांगितलं: खांद्यावर शिवलिंग वाहणारे, पराक्रमानं मिळवलेल्या गंगाजळानं अभिषेक झालेले, दहा अश्वमेध केलेले भारशिव! एवढ्या थाटात मामेकुळ सांगितलं, पण जिच्यामुळे ते मिळालं त्या मुलीचं नाव कोणी कोरलं नाही. बापाचं नाव आहे, मुलाचं आहे, मधली बाई नुसती वाट आहे.

राजघराण्यांतल्या सोयरिकींबद्दल वाचताना मला ही वाट सारखी दिसते. तिच्यावरून राज्य जातं, किल्ला जातो, फौज जाते.

विदर्भ हे तर काव्यातलं मोठंच माहेर. नळाची दमयंती इथली, अजाची इंदुमती इथली, अगस्त्याची लोपामुद्राही विदर्भाचीच लेक. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली मालविका विदर्भाची राजकन्या. तिचा भाऊ माधवसेन तिला अग्निमित्राला द्यायला विदिशेकडे निघतो आणि चुलतभाऊ यज्ञसेनाची माणसं त्याला वाटेतच धरतात. शेवटी अग्निमित्र दोघा चुलतभावांत विदर्भाची वाटणी करून देतो. धुरा ठरते वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा. मुलताईकडून उतरून ती आमच्या तालुक्याला खेटून जाते. लग्न नाटकात लागलं, वाटणी मात्र आमच्या शिवारातून गेली.

याच नदीच्या काठी तिवसा तालुक्यात कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून तिची पालखी अजूनही पंढरपूरला जाते. रुक्मिणीहरण आपण प्रेमकथा म्हणून ऐकतो, पण आधी ती एका फसलेल्या तहाची गोष्ट आहे. भाऊ रुक्मीनं चेदीच्या शिशुपालाला जबान दिलेली. मागं मगधाच्या जरासंधाचं वजन. विदर्भ, चेदी, मगध अशी फळी उभी राहत होती. नवरीनं एका ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला आणि फळी मोडली. रुक्मी हरला, त्यानं कुंडिनपुरात पुन्हा पाय ठेवला नाही, भोजकट नावाचं नवं नगर वसवलं. खरी गंमत पुढं आहे. एवढं वैर असूनही भागवतात रुक्मीची मुलगी रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला जाते आणि रुक्मीची नात प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला. मामाची मुलगी! त्या दुसऱ्या लग्नात, भोजकटातच, सोंगट्यांच्या डावावरून बलरामानं रुक्मीचा जीव घेतला. लग्नघरी मानपान बिघडायची आपली परंपराही तशी पौराणिकच म्हणायची.

आणि भोजकट नुसतं पुराणात राहिलं नाही. अचलपूरजवळच्या चमक गावात दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला. त्यात हे गाव चर्मांक या नावानं, भोजकट राज्यात, मधुनदीच्या काठी येतं.

इकडे मामाची मुलगी हक्काची. तिकडे स्पेन-पोर्तुगालात मात्र नात्यातलं लग्न म्हटलं की पोप डोळे वटारायचा. लिओन, कास्तील, नवारा, अरागॉन, पोर्तुगाल ही मध्ययुगातली पाच शेजारी राज्यं. आपापसात लढायची, आपापसातच सोयरीक करायची. चारदोन पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबंद झाले. लिओनच्या नवव्या आल्फोन्सोनं आधी पोर्तुगालची तेरेसा केली, नात्याच्या कारणावरून ते लग्न रद्द झालं. मग 1197 साली कास्तीलची बेरेंगेला केली. पोप तिसऱ्या इनोसंटनं तेही मोडायला लावलं.

आपल्या दख्खनचं चित्र फार वेगळं नाही. बहामनी फुटल्यावर इथंही पाचच शाह्या झाल्या आणि त्यांतली इमादशाही आमची, अचलपूरची. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात सोलापूरचा किल्ला लग्नाच्या बोलीत आला, मिळाला नाही म्हणून लढाया झाल्या. पुढं विजयनगरावर एकत्र चालून जायचं ठरलं तेव्हा अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेलं. 1565 साली विजयनगर पडलं. तोवर वऱ्हाड स्वतंत्र होतं. 1574 मध्ये ते निजामशाहीनं गिळलं. विधवा होऊन माहेरी आलेल्या चांदबीबीनं 1596 साली मोगलांपासून अहमदनगर वाचवलं ते वऱ्हाड देऊन. जिच्याबरोबर एकदा किल्ला आंदण गेला, तिलाच पुढं एक अख्खा सुभा तोडून द्यावा लागला. आम्हा वऱ्हाडी माणसांना तिच्या शौर्याच्या गोष्टी आवडतात. आपण त्या तहातली रक्कम होतो, हे सहसा कोणी काढत नाही.

या सगळ्या हिशेबात मला एक बाई वेगळी दिसते. प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी. ही सोयरीकही राजकारणाचीच होती. चंद्रगुप्ताला गुजरात-माळव्याच्या क्षत्रपांकडे मोर्चा वळवायचा होता आणि त्याच्या अंगाला लागून असलेलं बळकट राज्य वाकाटकांचं. लेक दिली, बाजू पक्की झाली. तिची आई कुबेरनागा नागकुळातली, पणजी कुमारदेवी लिच्छवींची. म्हणजे या घरात मुली देऊन-आणून राज्य वाढवायची रीत मुरलेली होती.

रुद्रसेन लवकर वारला. मुलं लहान. कारभार प्रभावतीनं हाती घेतला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून, नंदिवर्धनाहून, तेराव्या वर्षी दिलेला आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. त्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या वंशावळीनं होत नाही. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त अशी माहेरची चारही नावं आधी येतात. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. प्रभावती स्वतःचं गोत्र धारण सांगते, बापाचं. आणि आईचं नाव सांगते. भवनागाच्या लेकीचं नाव जिथं कोरायचं राहिलं, त्याच घरात तीन पिढ्यांनी आलेल्या एका सुनेनं आपल्या आईचं नावही तांब्यावर चढवलं.

तिचा दुसरा ताम्रपट आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपुरात मिळाला. रिद्धपूर आपण महानुभावांची काशी म्हणून ओळखतो. तेव्हा तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन राज्यावर होता, त्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. राजमाता रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून जमीन दान करते आणि इथंही गोत्र धारणच लावते. मुलगा गादीवर बसल्यावरही तिनं ते बदललं नाही.

शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधताना बघावं. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की कारागीर चाकूनं त्याच्या सालीला उभीआडवी चीर देतो, नागपुरी संत्र्याच्या फांदीवरून काढलेला एक डोळा अलगद आत सरकवतो, वरून पट्टी गुंडाळतो. पुढं मूळ जंबेरीचं, जमिनीतून पाणी तेच ओढतं, पण झाडाला फळ लागतं ते डोळ्याच्या जातीचं. प्रभावती वाकाटकांच्या खुंटावर तशी बसली. घर शैव, ती विष्णुभक्त. नवऱ्याच्या वैभवाचं श्रेय ताम्रपट चक्रपाणीच्या कृपेला देतात. मुलगा प्रवरसेन शिवाचा भक्त. त्याच्या नावावरचं प्राकृत महाकाव्य मात्र रामाचं, 'सेतुबंध'.

स्पेनमध्ये हिच्या जवळ जाणारी बाई शोधली तर तीच, पोपनं लग्न मोडायला लावलेली बेरेंगेला. 1217 साली भाऊ मेला, कास्तीलची गादी तिच्याकडे आली, तिनं ती मुलाला, तिसऱ्या फर्नांदोला दिली आणि पाठीशी उभी राहिली. 1230 मध्ये आल्फोन्सो वारला. त्यानं लिओन ठेवलं होतं तेरेसापासूनच्या दोन मुलींना, सांचा आणि दुल्से यांना. लढाई पेटणार असं दिसत होतं. तेव्हा एकाच नवऱ्याच्या दोन मोडलेल्या संसारांतल्या बायका, तेरेसा आणि बेरेंगेला, समोरासमोर बसल्या आणि रक्त न सांडता निकाल लावला: मुलींनी हक्क सोडायचा, त्यांना वर्षासनाची मोठी रक्कम मिळायची, राज्य फर्नांदोचं. कास्तील-लिओन एक झालं. इतिहास या शहाणपणाचं कौतुक करतो, आणि ते करण्यासारखंच आहे. तरी मला त्या दोघी मुली सुटत नाहीत. बापानं राज्य दिलं होतं, भावासाठी त्यांनी सही केली.

कारण ती सही माझ्या ओळखीची आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझी आत्या हक्कसोडपत्रावर सही करायला आली होती. नवं लुगडं, डोक्यावर पदर. मी विचारलं, तर म्हणाली, "मले काय करायचं वावराचं? भावाचं दार उघडं राह्यलं पाह्यजे." 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा मुलाइतकाच झाला, हे तिला ठाऊक होतं. वाटा आणि दार यांतलं एकच मिळेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. सांचा आणि दुल्सेला निदान वर्षासन होतं. आत्याला साडीचोळी मिळाली.

प्रभावतीकडे मी राणी म्हणून पाहत नाही. राण्या पुष्कळ झाल्या. ती मला जमीन देणारी बाई म्हणून दिसते. बाकीच्या लग्नांत जमीन बाईवरून जाते. तिच्या ताम्रपटांत ती बाईच्या हातून जाते, बाईच्या नावानं, बाईच्या गोत्रानं. आणि त्यासाठी तिला सासर तोडावं लागलं नाही. रुद्रसेनाची पट्टराणी आणि प्रवरसेनाची आई हेही तिनं तेवढ्याच ठसक्यात लिहिलं.

आत्याच्या मुलीनं मात्र आपल्या वडिलांच्या जमिनीवर हक्क सोडला नाही. कृषीची पदवीधर पोरगी, दोन एकर मागितले आणि घेतले. सातबाऱ्यावर नाव चढलं, भावानं बोलणं टाकलं, दिवाळीची ओवाळणी बंद झाली. आत्या रडली. त्या दोन एकरांत पोरीनं रोपवाटिका घातली, सासरचं आडनाव न लावता. यंदा पावसाळा लागताच तोच भाऊ तिच्या दारात उभा होता, संत्र्याची पाचशे कलमं पाहिजेत म्हणून, तीही उधारीवर. तिनं दिली. वहीत नाव लिहून घेतलं, आणि खाली त्याची सही.