मागे बसणाऱ्याचा विमा

विमा तिथी मानीत नाही, ही गोष्ट आम्हांस वकिलीत वीस वर्षे घालविल्यानंतर, २०२४ च्या पोळ्याला कळली.

आमची मोटारसायकल २०१९ सालच्या पोळ्याची. ज्या घरी बैल नाहीत त्या घरानेही पोळ्याला दाराशी काही तरी नवे आणून उभे करावे, अशी आमच्या आईची समजूत; म्हणून तो मुहूर्त. त्यामुळे विमा केव्हा संपतो असे कोणी विचारले तर "पोळ्याला" असे सांगून आम्ही मोकळे होत असू. आता २०१९ चा पोळा होता ३० ऑगस्टला आणि २०२४ चा आला २ सप्टेंबरला. आमचे पंचांग आणि विम्याचा कागद यांच्यामध्ये तीन दिवसांची फट पडली, आणि नेमक्या त्या फटीत, ३१ ऑगस्टच्या शनिवारी, आम्ही आईला मागे बसवून जामसावळीच्या मारुतीला जाऊन आलो होतो!

कोकण-गोव्याकडच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी आमचा मुलूख पाहिला असेल, म्हणून दोन शब्द सांगावयास हवेत. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पांढुर्णा लागते. वडील रेल्वेच्या नोकरीने येथे आले आणि पेन्शनीत निघाल्यावर येथेच राहिले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. गावांची बोली मात्र मराठीच राहिली. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा. सौंसरजवळ जामसावळी येथे पहुडलेल्या मारुतीचे देवस्थान आहे. आईने कोकणी सोडली नाही आणि हा शनिवारही सोडला नाही. वडील गेल्यापासून तिला तेथे नेण्याचे काम आमच्याकडे आहे, आणि ते मोटारसायकलवरूनच होते.

पोळ्याच्या दिवशी सायंकाळी आम्ही विम्याच्या एजंटाकडे गेलो. हे गृहस्थ बसस्थानकाजवळ एक टेबल मांडून बसतात. विमा, पीयूसी, लायसनचे अर्ज, सर्व काही त्या टेबलावर. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हा तं तीन दिवस झाले संपला." मग लगेच आमचे समाधानही केले : "घाबरू नका. आठशे त्रेचाळीसमंदी आत्ताच काम करून देतो. पोलीस काई बोलत नाई."

हा आठशे त्रेचाळीसचा हिशेब वाचकांनी समजून घ्यावा, कारण पुष्कळ लोक स्वस्त विम्याच्या शोधात दहा दारे फिरतात आणि चुकीच्या ठिकाणी घासाघीस करतात. विम्याचे दोन भाग असतात. एक, आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. तो कायद्याने सक्तीचा, आणि त्याचा दर सरकार ठरविते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस तो १ जून २०२२ पासून वर्षाला ७१४ रुपये ठरला. वर १८ टक्के जीएसटी धरून ८४३ होतात. हा आकडा कोणत्याही कंपनीत तोच, मग ती कंपनी १९७३ साली राष्ट्रीयीकरण झालेल्यांपैकी असो की कालची. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. २००७ पासून त्याच्या दराचे बंधन सुटले. घासाघीस करावयाची ती येथे. पण आमच्याकडे हा दुसरा भाग कोण घेतो? पकडले गेल्यास पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दोन हजारांहून आठशे कमी, एवढाच हिशेब. पोलिसाला दाखवावयाचे तिकीट, यापलीकडे विम्याची किंमत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना हसण्यासाठी लिहीत नाही. आमचीही गोष्ट तीच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा सक्तीचा विमा एकदमच घ्यावा लागे. तो आमचा झाला होता. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एका वर्षाचा होता, आणि २०२० मध्ये तो संपला तेव्हा आम्ही तो पुन्हा घेतला नाही. गाडी थोडीशी घासली तर घासली, असा विचार.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगणे आम्हांस सोपे नाही.

२०२२ सालच्या पावसाळ्यात एक बागाईतदार आमच्या कचेरीत आले. जमिनीच्या हद्दीचा जुना दावा होता. त्याच्या तारखेस येत असत. उठता उठता खिशातून मोटारसायकलचे दोन विमापत्रांचे अंदाज काढून त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, यातला कायद्याले कोनता चालते?" आम्ही दोन्ही कागदांवर नजर फिरविली आणि म्हणालो, "कायद्याला हा स्वस्त चालतो." उत्तर अचूक होते. कोणत्याही न्यायालयात आम्ही त्याचे समर्थन करू. त्यांनी तो स्वस्त घेतला.

२०२३ च्या आरंभी, संत्र्याचा मृगबहार तोडणीस आला असता, ते पत्नीला मागे बसवून मोहगावकडून येत होते. रस्त्याच्या कडेला पसरलेल्या गिट्टीवरून चाक घसरले. समोर दुसरे वाहन नव्हते, कोणाशी टक्कर नव्हती. त्यांना खरचटले, बाईंचे कमरेचे हाड मोडले. नागपूरला दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या आंबियाचा बहार त्यांनी फुलोऱ्यातच व्यापाऱ्याला देऊन टाकला, तेव्हा बिल भागले. मग ते विमापत्र घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही ते पहिल्यांदाच नीट वाचले.

सक्तीच्या विम्याचा कायदा कोणासाठी झाला, हे येथे पाहिले पाहिजे. इंग्लंडात तो १९३० साली झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्याचे प्रकरण घातले गेले आणि ते १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. आज १९८८ च्या कायद्याचे १४६ वे कलम तेच काम करते. हेतू असा की, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला गाडीने उडविले आणि गाडीवाला कफल्लक निघाला, तरी त्या परक्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये. हेतू थोर आहे. परंतु त्यात चालविणारा मालक हा परका नव्हे. आणि त्याच्या पाठीमागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, भाडे न देता बसलेले माणूस? २००६ साली टिळक सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ कायद्यापुरत्या विमापत्राने अशा माणसाची जोखीम विमा कंपनीवर येत नाही. या प्रश्नावर पुढेही वाद होत राहिले. पण आमच्या पक्षकारासमोर तो निवाडा भिंतीसारखा उभा होता. इंग्लंडातसुद्धा गाडीतील उतारूंचा विमा सक्तीचा व्हावयास १९७२ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. रस्त्यावरच्या परक्याची काळजी कायद्याने प्रथम केली आणि घरच्या माणसाला मालकावर सोपविले.

त्यांच्याजवळचा दुसरा, नाकारलेला कागद सर्वंकष विम्याचा होता. त्या प्रकारच्या विमापत्रात मागे बसणाऱ्याची जोखीम येते, असे नियामक मंडळाने २००९ साली कंपन्यांना बजावले होते, आणि २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आहे. दोन कागदांतला फरक चारशे रुपयांच्या आतला होता.

दावा लावून उपयोग नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. त्यांचे उत्तर मात्र शब्दशः आठवते. "तुमचं काई चुकलं नाई, साहेब. मीनं कायद्याचंच इचारलं होतं. घरचं इचारलंच नाई." पुढच्या तारखेस येताना त्यांनी संत्र्यांची पिशवी आणली. ती आम्ही घेतली. नाकारणे अधिक वाईट दिसले असते.

एवढे होऊनही आम्ही घरी जाऊन आपले विमापत्र उघडून पाहिले नाही. यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. दीड वर्ष दर शनिवारी आई मागे बसत राहिली.

पोळ्याच्या त्या सायंकाळी एजंटाकडून परत येऊन आम्ही तीन दिवसांची चूक घरी सांगितली, आणि आठशे त्रेचाळीस रुपयांत ती कशी निस्तरते तेही सांगितले. आई पुरणाचे ताट वाढीत होती. कायद्याने समोरच्याची भरपाई होते, असे आम्ही समजावीत होतो. तिने विचारले, "आनी फाटल्यान बसतल्याचें कितें?"

आमचे जेवण तेथेच संपले.

दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात पळसाचे झाड, आणि दोन्हीकडून दगड! त्या दिवशी पांढुर्ण्यात विमा विकावयास कोणी बसत नाही, आणि बसला तर त्याच्या धाडसाचे कौतुक करावे लागेल. बुधवारी आम्ही पुन्हा त्या टेबलापाशी गेलो आणि सर्वंकष विमा मागितला. मध्ये खंड पडलेला असल्याने गाडीची तपासणी आवश्यक होती. एजंटाचा मुलगा मोबाइलवर फोटो काढावयास घरी आला. पोळ्याची पूजा झालेली असल्याने चॅसीच्या नंबरावर हळदकुंकू थापलेले होते, ते पुसल्यावर फोटो निघाला.

हिशेब असा झाला : सक्तीचे ७१४, गाडीच्या नुकसानीचे सवलत वजा जाता ४१०, मागे बसणाऱ्यास अपघाती एक लाखाचे ७०, मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या अपघात विम्याचे ३२०. कर धरून १७८७ रुपये. २०२० मध्ये खंड पडू दिला नसता, तर दावा न केल्याची सवलत पाचव्या वर्षी निम्म्यापर्यंत पोहोचली असती. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की ती जाते, तशी आमची गेली होती. मालक-चालकाचा अपघात विमा मात्र गाडीला नसून माणसाला असतो. घरात एकाच्या नावे दोन गाड्या असतील, तर दोनदा पैसे भरू नयेत. एकाचे विमापत्र दाखविले की दुसऱ्यावर तो वगळता येतो. स्वस्तपणा शोधावयाचा तर या जागी शोधावा. आणि गाडी विकली असेल तर आरसी बुक विकत घेणाराच्या नावे झाल्याशिवाय झोपू नये. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात ठरले आहे. आमच्या तहसिलीत कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी विकणारे अनेक आहेत.

वकिलाच्या मनात एक विचित्र शंका येतेच. मागे बसलेल्या आईस भरपाई मागावयाची झाली, तर मुलाने गाडी हलगर्जीपणाने चालविली असे तिला म्हणावे लागेल : अर्जदार आई, सामनेवाला मुलगा. आम्ही तिला हे सांगितले. तिने ते फारसे कठीण मानले नाही.

एजंटाने वारसाचे नाव व वय विचारले. नाव आम्ही आईचे दिले. वय तिने आतूनच दोन वर्षे कमी सांगितले, ते आधार कार्डावरून दुरुस्त करावे लागले.

पुढच्या शनिवारी गणेशचतुर्थी होती. आई घरातून हलली नाही. १४ सप्टेंबरच्या शनिवारी आम्ही जामसावळीस निघालो. पाठीमागच्या माणसासही हेल्मेट कायद्याने लागते, आणि आम्ही ते आणले होते. परंतु ते तिच्या अंबाड्यावर बसेना. ती आत गेली, अंबाडा सोडून तिने वेणी घातली, कोणी हसू नये असे सर्वांस बजाविले आणि मागे येऊन बसली.