दिल्ली पासिंग

जुन्या गाड्यांच्या बाजारावर अर्थशास्त्रात एक गाजलेला निबंध आहे. जॉर्ज अकरलॉफ यांचा हा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता आणि गमतीचा भाग असा, की नकाराचे पहिले पत्र अकरलॉफ यांच्या हाती पडले तेव्हा ते वर्षभराच्या मुक्कामासाठी भारतात आलेले होते. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यामागे हाच विचार होता. विचार तसा साधा आहे. आपली गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा फसण्याची शक्यता धरूनच भाव करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे तिच्या मालकाला पटत नाही, तो ती घरीच ठेवतो. बाजारात मग भिकार गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी पडतो आणि उरल्यासुरल्या चांगल्या गाड्याही बाजारातून नाहीशा होतात. दोघांचेही नुकसान होते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष कोणी खोटे बोलावे लागतेच असे नाही. केवळ अज्ञान पुरेसे असते.

२०२४ साली मला जुनी गाडी घ्यावी लागली, तेव्हा हा निबंध डोक्यात होता. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी तालुक्याच्या गावाहून सांगलीला न्यावे लागे. भाड्याच्या गाडीचा खर्च महिन्यागणिक वाढत होता आणि एसटीचा प्रवास त्यांना झेपेनासा झाला होता. नवी गाडी आवाक्याबाहेर होती. अशा वेळी आमच्या भागात कोणीतरी हटकून सांगतेच, ‘दिल्ली पासिंगची बघा.’ चौकशी केली तर खरेच, आठ वर्षे वयाच्या ज्या डिझेल गाडीला इकडे जी किंमत सांगत होते, तिच्या निम्म्याच्या आसपास तीच गाडी दिल्लीत मिळत होती.

इतके स्वस्त काही दिसले की आपल्याकडचा माणूस आधी संशय घेतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे स्वस्ताईचे कारण उघड होते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मनाई केली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांबाबतचा आदेश त्याआधीच, २०१४ मध्ये, निघाला होता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उचलून धरली. महाराष्ट्रात मात्र खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि पुढेही तपासणी करून व पर्यावरण कर भरून ती वाढवून घेता येते. म्हणजे तीच गाडी एका राज्यात मरणपंथाला लागलेली आणि दुसऱ्या राज्यात ऐन उमेदीत. आठव्या-नवव्या वर्षी दिल्लीकर ती मिळेल त्या भावाला काढत होता.

अकरलॉफ यांचा तर्क इथे उलटा फिरतो, हे मला तेव्हा जाणवले. त्यांच्या बाजारात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही. दिल्लीत त्याला विकावीच लागत होती. कायद्याने चांगली गाडी आणि भिकार गाडी यांना एकाच रांगेत उभे केले होते. तेव्हा स्वस्त आहे म्हणजे वाईटच असेल, हा निष्कर्ष तिथे लागू नव्हता. पण चांगली असेल याचीही हमी नव्हती. त्यातून निवड करणे हे आपले काम होते. विक्रेता दीड हजार किलोमीटरहून दूर आणि पुन्हा कधी भेटण्याची शक्यता नाही. गावातल्या दलालाला निदान आठवडी बाजारात तोंड दाखवावे लागते.

म्हणून जे स्वतः बोलू शकत नाही, त्याला बोलते करावे लागते. मीटर मागे फिरवता येतो, पण पेडलवरचे झिजलेले रबर सहसा कोणी बदलत नाही. टायरवरच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे लिहिलेले असते. सगळ्या काचांवरच्या खुणा एका सालच्या असून एकच वेगळी निघाली, तर तिथे काही घडून गेले आहे असे समजावे. जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत २०८.६६ मीटर अशी विक्रमी पातळी गाठली होती, त्यामुळे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ शोधणे हाही परीक्षेचा एक भाग झाला होता.

कागदांचे तसेच. पूर्वी पहिला मालक फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून मोकळा होई आणि गाडी चार हातांतून फिरली तरी नाव त्याचेच राही. अशाच एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करायची, तेवढ्या काळापुरता मालक तोच मानायचा, असे ठरले. मी पाहिलेल्या विक्रेत्यांपैकी एकानेच ही नोंद दाखवली. व्यवहार त्याच्याशीच केला. सांगलीच्या आरटीओचे नाव घातलेले ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम द्यायची नाही, हे आधीच बोलून घेतले होते.

आरसीवर पहिल्या मालकाचे नाव होते. ते निवृत्त गृहस्थ होते. विक्रेत्याने थोडे आढेवेढे घेऊन त्यांच्याशी फोनवर बोलणे करून दिले. त्यांचे पैसे त्यांना केव्हाच मिळाले होते. मला गाडी विकण्यात त्यांना काही लाभ नव्हता, न विकण्यातही नव्हता. ते म्हणाले, ‘बिगड़ी नहीं है, बस उम्र हो गई।’ मग आपण होऊन सांगितले, की क्लच एकदा बदलला आहे आणि उन्हाळ्यात गाडी गर्दीत रेंगाळली की एसी थंड करीत नाही. विक्रेता यातले एक अक्षर बोलला नव्हता. खरेदीविक्रीच्या व्यवहारात सत्य कोण सांगू शकतो, तर ज्याचा हिशेब चुकता झाला आहे तो. अकरलॉफ यांच्या बाजारात असा तिसरा माणूस नाही. मला तो भेटला आणि मी गाडी घेतली.

सांगलीत कर भरून, नवा क्रमांक घेऊन झाल्यावर भावातला फरक बराच आटला, तरी उरला. वडिलांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढच्या सीटवर बसून ते रस्त्याकडेच्या शेतांतला ऊस कोणाचा, हे मला सांगत.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. दिल्लीच्या हवेला जी गाडी चालत नव्हती, ती आमच्या हवेला कशी चालते? न्यायाधिकरणाने धूर मोजण्याऐवजी वय मोजले, कारण देशात धुराच्या दाखल्यावर कोणाचा विश्वास नाही आणि जन्मतारखेवर आहे. म्हणजे तेही माझ्यासारखेच घेणाऱ्याच्या जागी होते. आतले दिसत नाही म्हणून बाहेरून दिसेल त्यावर निवाडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कठोर कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. माझी गाडी २०१६ ची, बीएस-४. त्या गृहस्थांनी आणखी दोन वर्षे धीर धरला असता, तर त्यांना ती विकावी लागली नसती. ज्या भीतीपोटी ती मला स्वस्तात मिळाली, ती भीतीच पुढे पातळ झाली.

पण यातून माझी सुटका होत नाही. दिल्लीने गाडी बाहेर घालवली म्हणून तिचा धूर नाहीसा झाला नाही, त्याने फक्त पत्ता बदलला; आणि नव्या पत्त्यावर त्याची तक्रार करणारे कोणी नाही, एवढाच काय तो भावातला फरक. महानगराला परवडत नाही ते तालुक्याच्या गावाला परवडते, हे कोणी ठरवले? निदान माझ्यापुरते तरी उत्तर स्पष्ट आहे. भाव विचारून, पैसे मोजून, ते मी ठरवले. वडिलांसाठी पुन्हा तेच ठरवीन. मात्र वर्षाकाठी पीयूसी काढायला जातो, तेव्हा नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली जाते की नाही, हे मी उभा राहून पाहतो.