सिल्व्हर पार्कच्या गच्चीवरचा धूर

मीरा रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून रिक्षा केली की मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्क लागते. खाडीकाठची मिठागरे पाहिलेल्या माणसाला आजची ही इमारतींची गर्दी ओळखूही यायची नाही. इथे आमची आक्का राहते. तिच्या मुलाने दुबईहून विजेवर चालणारी धुराची पेटी आणली. तिला स्मोकर म्हणतात. बोकडाच्या बरगड्या तिच्यात कशा करतात ते शिकायला आम्ही रविवारी आईला घेऊन गेलो.

पेटी घरात लावता येत नाही, गच्चीच हवी. याच शहराच्या महापालिकेने २०१५ साली पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले होते, त्यामुळे शेजारी काय म्हणतील ही धाकधूक होती. शेजारच्या बाईंची अट मात्र एवढीच, की त्यांचे वाळत घातलेले कपडे आधी आम्ही काढून द्यायचे!

रचना सोपी. तळाशी कॉइल, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा खण, मग पाण्याचे ताट, वर जाळ्या. उष्णता ११० अंशांच्या आसपास ठेवायची. इतक्या मंद आचेवर हाडाजवळचे चिवट पडदे हळूहळू विरघळतात, म्हणून चार तास लागतात. पेटी ८०० वॅटची. कॉइल सतत चालू राहिली तरी ३.२ युनिट. हिशेब केल्याशिवाय कारकुनाला चैन पडत नाही.

भाच्याने आंब्याच्या ढलप्या पाण्यात भिजवून घातल्या. पांढरा दाट धूर निघू लागला. आई खुर्चीवरून म्हणाली, "आरं बाळा, वली लाकडं जाळतोस व्हय? कडू व्हईल समदं." तसेच झाले. पहिला घाणा कडवट निघाला.

मग आईच बोलू लागली. तिच्या लहानपणी वस्तीत मांसाच्या लांब पट्ट्या, म्हणजे चान्या, मीठ लावून दोरीवर वाळत. पावसाळ्यात त्या चुलीवर टांगत. धुरामुळे किडा लागत नसे. मांस बहुधा मेलेल्या जनावराचे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते सोडायला सांगितले होते. आईच्या गावात ते १९५६ नंतर सुटले. "सुटलं ते बरंच झालं," ती म्हणाली. त्यानंतर चान्यांचे नाव घरात कोणी काढले नाही. आम्ही पन्नाशीकडे आलो, तरी तिच्या तोंडून हा शब्द प्रथमच ऐकत होतो.

दुसऱ्या घाण्याला सूत्रे तिच्याकडे. ढलप्या कोरड्या, त्याही मूठभरच. (प्लायवूडचे तुकडे कधीही घालू नयेत, त्यात डिंक व रसायने असतात.) बरगड्यांच्या आतला पापुद्रा काढून मीठ, लसूण, काळा मसाला चोळला. धूर पातळ, निळसर झाला तेव्हाच तिने मांस आत ठेवू दिले. बोकडाला चरबी कमी, म्हणून शेवटचा तास बरगड्या फॉइलमध्ये गुंडाळल्या.

मांस हाडावरून बोटाने सुटत होते. शेजारच्या बाईंच्या मुलाने दोनदा मागून घेतले. आईने एकच बरगडी खाल्ली, आणि भाच्याला विचारले, "ह्याच्यात बोंबील व्हतील का रं?"