सर्वांच्या सोयीचे ठिकाण

दिवाळीच्या सुट्टीत जावे कुठे, यावर आमच्या घरी चार दिवस खल चालला होता. गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीच बंद पडले. धाकट्याला इमॅजिका हवी. पण नगरहून खोपोलीचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हे. मी चांदबिबीचा महाल सुचवला. (आहे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर, पण नगरकर ऐकेल तर ना!) "तिथे पाण्यात पडता येतं का?" एवढे विचारून धाकट्याने मला निकालात काढले. अखेर शिर्डी ठरली. आईला बाबांचे दर्शन, मुलांना पाण्याचे उद्यान.

तिथल्या उंच घसरगुंडीपाशी पाटी होती : हृदयविकार असणाऱ्यांनी वर जाऊ नये. धाकटा माझा हात ओढू लागला. श्रावणात माझ्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी जपायला बजावले होते, आणि घरी मी 'पित्त' म्हणून वेळ मारून नेली होती.

"आजीपाशी कुणी नको का? तू जा ताईबरोबर," मी म्हणालो.

सौभाग्यवतीने पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिले. मुले वर गेल्यावर ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"अहो, पित्तच होतं ना ते?"

मी मुलांच्या चपला मोजू लागलो.