नॉटिंगहॅमचं चिमुकलं सैन्य

लहानपणी वडिलांच्या रॅले सायकलवरची 'नॉटिंगहॅम, इंग्लंड' ही अक्षरं मी बोटानं गिरवत असे. त्याच गावी आपली लेक नांदायला जाईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण गेल्या मे महिन्यात लंडनच्या सेंट पॅंक्रस स्टेशनवर गाडीत बसले आणि पावणेदोन तासांत तिथं उतरले. एकटीच. चार वर्षांपूर्वी लेकीनं तिथल्याच मुलाशी रजिस्टर लग्न केलं, त्याला आम्ही गेलो नव्हतो. ह्यांचा राग अजून उतरलेला नव्हता. माझं मात्र आईचं काळीज, राहवलं नाही.

गाव देखणं आहे. वालुकाश्माच्या कड्यावर किल्ला, कड्याखाली धनुष्य ताणलेला रॉबिन हूडचा पुतळा. रॅले सायकलींचं उत्पादन इथं २००२ साली थांबलं. 'लेस मार्केट' भागात लाल विटांच्या उंच वखारी आहेत. एकोणिसाव्या शतकात इथली लेस जगभर जाई. आता या गावाची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे बोटभर उंचीचे सैनिक! १९७९ साली जवळच्या न्यूआर्क गावात असे सैनिक ओतणारी सिटाडेल ही कंपनी निघाली. पुढे तिथं तयार झालेल्या कारागिरांनी आपापले कारखाने आसपासच काढले. पूर्वी हे सैनिक शिशाचे असत, म्हणून शौकीन लोक या मुलखाला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात.

हे सगळं मला कळलं जावयामुळे. मुलगा अबोल. जेवण झालं की मागच्या खोलीत दिवा लावून बसे. लेक म्हणाली, "अगं, तो सैनिक रंगवतो." मी मनात म्हटलं, एवढा घोडा झाला तरी खेळणी! चार वर्षांनी सासू घरी आलीय, दोन शब्द बोलावेत की नाही?

तिसऱ्या दिवशी मीच चहा घेऊन आत गेले. टेबलावर बाटल्यांच्या बुचांवर इंचभर उंचीचे माणसं-घोडे चिकटवलेले होते. बूच धरायचं, म्हणजे रंगाला हात लागत नाही. त्यानं खुर्ची पुढे केली आणि एकेक गोष्ट दाखवू लागला.

आधी साच्याची रेघ पातळ कानशीनं घासून काढायची. मग साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवायचं, नाहीतर रंग धरत नाही. त्यावर अस्तराचा हात. मग रंग, तोही एकेक माणूस पुरा करून नव्हे. चाळीस जणांचे आधी सगळे अंगरखे, मग सगळ्या ढाली, मग सगळे पट्टे. आपण दिवाळीत आधी सगळ्या करंज्या लाटतो, मग भरतो, मग तळतो, तसंच! शेवटी काळपट पातळ रंगाचा हात. तो सुरकुत्यांत उतरतो आणि निर्जीव चेहऱ्याला एकदम नाक-डोळे येतात. रंग वाळू नये म्हणून त्यानं ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर केक भाजायचा कागद पसरला होता. ही युक्ती मुलांच्या चित्रकलेसाठी आपणही करून पाहावी.

रविवारी दोघांनी मला न्यूआर्कला या छंदाच्या मेळ्याला नेलं. भल्या मोठ्या हॉलमध्ये टेबलांवर डोंगर, नद्या मांडलेल्या, आणि पिकल्या केसांचे गृहस्थ फासे टाकून, टेपनं इंच मोजून सैन्य पुढे सरकवताहेत. सैनिक सुटे नसतात, पट्टीवर गटागटानं चिकटवलेले असतात. एका प्रसिद्ध नियमावलीप्रमाणे पट्टी साठ मिलिमीटर रुंद, तिच्यावर दाट फळीत लढणारे भालेवाले चार, पण गोफणवाले दोनच. म्हणजे पट्टीकडे पाहूनच कोण खांद्याला खांदा लावून उभा राहील आणि कोण दगड मारून पळेल, ते समजतं.

परतल्यावर जावयानं एक डबा उघडला. आत हत्ती! इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदराशी लढलेल्या पोरसाचं ते सैन्य. सगळं तयार, फक्त पायदळाचे कपडे राहिलेले. अरियन नावाच्या ग्रीक लेखकानं भारतीयांच्या पोशाखाचं वर्णन लिहून ठेवलंय, ते त्यानं वाचून दाखवलं. अर्ध्या पोटरीपर्यंत सुती वस्त्र, दुसरं खांद्यावर आणि डोक्याला गुंडाळलेलं, रंग पांढराशुभ्र. माणसाएवढं उंच धनुष्य जमिनीला टेकवून डाव्या पायानं दाबून धरायचं. दाढ्या म्हणे रंगवलेल्या, कुणाची निळी, कुणाची हिरवीसुद्धा!

"पण पांढरा जमत नाही," तो म्हणाला. "चुन्यासारखा दिसतो."

मी भिंगातून पाहिलं आणि डोळ्यांपुढे माझे वडील आले. आई त्यांची धोतरं शेवटच्या पाण्यात नीळ घालून पिळायची. वाळलेल्या धोतराच्या चुणीत पुसट निळसर झाक असायची आणि घडीची कड तेवढी लखलखायची. मी त्याला म्हटलं, खोलात निळसर करडा दे आणि फक्त उंचवट्यावर पांढरा. मग पदराच्याच निऱ्या करून, चुणी कुठं पडतात ते दाखवलं. त्यानं तसं केलं. अंगठ्याएवढा तो शिपाई खरोखर धोतर नेसला! मला वाटून गेलं, हजारोंचं ते पायदळ, राजाचं नाव राहिलं. पण ते सूत कातणाऱ्या बायांची आठवण कोण ठेवणार?

पट्टीला पांढरा गोंद फासून तो वाळू पेरू लागला, वर गवताचे चिमुकले झुबके. मला हसूच आलं. सांगितलं, आमच्याकडे दिवाळीत अंगणात पोरं मातीचा किल्ला करतात, हळीव पेरून गवत उगवतात आणि त्यावर मावळे मांडतात. ज्यांचा किल्ला दर वर्षी आळीत पहिला यायचा, ते तुझे सासरे. तो थबकला. म्हणाला, "आई, हे मला कुणीच सांगितलं नाही." आई म्हणून त्यानं मारलेली ती पहिली हाक.

निघताना त्यानं कापसात गुंडाळून एक धनुर्धारी दिला. घरी आल्यावर मी काही न बोलता तो टीव्हीशेजारी ठेवला. दोन दिवस ह्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पाहते, तर चष्मा कपाळावर सारून, भिंग लावून बसलेले.

"धोतर बरोबर आहे," हे म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पण गवत फार विरळ पेरलंय. त्याला सांग."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं आणि लेकीचा नंबर लावून फोन हातात दिला.