राणी कोहिनूर, टीव्ही आणि आपल्या गावचं स्टेज

आज जरा वेगळा विषय. पाणी, रस्ते, नगरपालिका उद्या परत आहेतच.

'ड्रॅग क्वीन' म्हटलं की आपल्याकडं लोक एकतर हसतात, नाहीतर "तृतीयपंथी का?" म्हणून विषय संपवतात. दोन्ही चूक. ड्रॅग ही मंचावरची कला आहे. मेकअप, विग, पोशाख, आवाज, हावभाव यातून एक झगमगीत बाई उभी करायची. ती करणारा पुरुष असेल, ट्रान्स व्यक्ती असेल, कोणीही असेल. लुगडं नेसून नाटकात उभं राहणं हे काम झालं, आणि मी कोण आहे ही ओळख झाली. कधी दोन्ही एकत्र येतात, कधी नाही.

अमेरिकेत २००९ पासून 'रूपॉल्स ड्रॅग रेस' ही अशा कलाकारांचीच स्पर्धा सुरू आहे. तिथून नाव कमावून लोक नाटक-सिनेमात गेले. मुंबईच्या सुशांत दिवगीकर म्हणजेच राणी कोहिनूर यांच्यासमोर असा सरळ रस्ता नव्हता. त्यांना दुसऱ्यांच्या दारातून आत यावं लागलं. (मंचावरचं नाव इंग्रजीत लिहिताना मधला 'ही' मोठ्या अक्षरात लिहितात. 'ही' म्हणजे इंग्रजीतला 'तो'. नावातच गंमत आहे.)

आता तारखा बघा. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ कायम ठेवलं. समलैंगिक संबंध पुन्हा गुन्हा ठरले, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. त्यानंतर वर्षभराच्या आत सुशांतनी 'मिस्टर गे इंडिया' जिंकली आणि त्याच वर्षी, २०१४ ला, 'बिग बॉस'च्या आठव्या पर्वात उघडपणे गे म्हणून प्रवेश केला. जे कायद्यानं गुन्हा, ते सलमान खानच्या कार्यक्रमात रोज रात्री घराघरात. मधेच बाहेर पडावं लागलं, पण चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला.

मात्र 'बिग बॉस'मध्ये माणूस येतो तो एक 'प्रकार' म्हणून. भांडणारा, रडणारी, गावाकडचा, गे. तिथं कसब कुणी विचारत नाही.

कसब विचारलं गेलं २०१८ ला, झी टीव्हीच्या 'सा रे ग म प'मध्ये. राणी पूर्ण ड्रॅगमध्ये आल्या आणि एकाच गाण्यात बाईचा आणि पुरुषाचा, दोन्ही आवाज लावले. तिथं सुराला दयामाया नसते. पोशाख कितीही भारी असो, सूर हलला की परीक्षकांना कळतं आणि घरी बसलेल्या आजीलाही कळतं. त्याच वर्षी, ६ सप्टेंबरला, न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं होतं.

मग डिसेंबर २०२१ ला 'क्वीन ऑफ द युनिव्हर्स'. वेगवेगळ्या देशांच्या ड्रॅग गायकांची स्पर्धा, अडीच लाख डॉलरचं बक्षीस. अट एकच, ओठ हलवून चालणार नाही, खरं गायचं. ब्राझीलची स्पर्धक जिंकली. राणी जिंकल्या नाहीत, पण तिथं त्यांना 'गे आहे' किंवा 'गायक आहे' असं एकच काहीतरी निवडावं लागलं नाही. दोन्ही घेऊन उभं राहता आलं. दोन पर्वांनंतर तो कार्यक्रमही बंद पडला. टीव्हीचं असंच असतं. मंच भाड्याचा असतो, मालक कधीही उतरवतो.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "ही परदेशी थेरं आपल्याकडं नकोत." अहो, बालगंधर्व कुठले होते? १९१६ च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ च्या 'एकच प्याला'मधली सिंधू. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायला शिकल्या. १९६४ ला सरकारनं पद्मभूषण दिलं. सिंधुदुर्गात दशावतारात आजही पुरुष बाईचं सोंग घेतो आणि अख्खं गाव रात्रभर जागतं.

म्हणजे पुरुषानं साडी नेसल्याचं आपल्याला वावडं नाही. आपली अट वेगळी आहे. खेळ संपला की साडी उतरव, शर्ट घाल, गपगुमान घरी जा. राणींनी ही अट मानली नाही. मंचाखालीही आपण कोण आहोत हे त्यांनी लपवलं नाही. आपल्याला टोचतं ते हे. कलेला टाळी देताना आपण मोठे रसिक असतो, माणसाला जागा द्यायची वेळ आली की हात आखडतो.

हे मुंबईपुरतं नाही. मागं आपल्या भागातल्या एका कॉलेजात एका पोरानं गॅदरिंगला लावणी केली. उत्तम केली. हॉलमध्ये शिट्ट्या, वन्समोअर. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ घाणेरड्या ओळी लिहून प्रत्येक ग्रुपवर. टाळ्या वाजवणारे आणि फॉरवर्ड करणारे बरेचसे तेच होते. पोरगं दोन आठवडे कॉलेजला आलं नाही. बातमी करू का म्हणून मी त्याच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, बातमी नको, उलट अजून लोकांना कळंल." मी बातमी केली नाही.

टीव्हीवर एक राणी दिसली म्हणून अशा पोरांचं सगळं सोपं होत नाही. कायदाही अर्ध्यावरच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात छळाला, अगदी लैंगिक अत्याचारालासुद्धा, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. हिशोब तुम्हीच करा.

पण टीव्हीनं एक केलं. ज्या घरात हा विषय निघतच नव्हता, तिथं जेवणाच्या ताटावर निघाला. आईबापांनी निदान एक माणूस बघितला, जो रडत नव्हता, भीक मागत नव्हता, सुरात गात होता.

गणपती आणि नवरात्र मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. यंदा नाचगाण्याच्या स्पर्धा ठेवाल, तेव्हा फॉर्मवर 'मुलांसाठी' आणि 'मुलींसाठी' असे गाण्याचे प्रकार वाटू नका. ज्याला जे येतं ते करू द्या. आणि निवेदकाला आधीच बजावून ठेवा, माइकवरून टिंगल नको. याला वर्गणी लागत नाही.

कोणतं मंडळ तयार आहे? कमेंटमध्ये सांगा. त्याची बातमी मी नक्की करीन.