शीळफाट्यावरील वळण

डोंबिवलीहून पनवेलीस जावयाचें म्हणजे शीळफाटा चुकत नाहीं. कल्याणहून आलेली सडक येथें मुंब्रा-पनवेल मार्गास मिळते. उजवीकडे मुंब्रा व ठाणें, डावीकडे पनवेल, समोर महापें. मुद्दाम थांबावें असें येथें कांहीं नाहीं. मालमोटारींच्या रांगांमुळें थांबावें मात्र लागतें. गेल्या माघांत भाचीच्या मुलाच्या मुंजीस निघालों असतां आमची मोटार येथें तासभर अडकली.

शेजारीं नातू बसला होता. मांडीवर गिटारीची पेटी. मागें एकदां त्याचें ‘ब्लूज’ ऐकून आम्ही, शाळेंत जन्मभर चुका काढण्याच्या संवयीनें, “तुला समेवर थांबतां येत नाहीं,” असें म्हणालों होतों. त्यानंतर दोन महिने त्यानें आमच्यादेखत पेटी उघडली नव्हती.

त्या कोंडींत आम्हींच विषय काढला. “अरे, तें तुझें वादन संपत कां नाहीं?”

“आजोबा, तेथें संपवायचें नसतेंच,” असें म्हणून तो पेटीवर टिचक्या मारूं लागला. चार-चार मात्रांचे १२ विभाग. एकूण ४८ मात्रांचें आवर्तन. पहिले चार विभाग षड्जावर उभारलेल्या स्वरमेळाचे, दोन मध्यमाचे, पुन्हां दोन षड्जाचे, मग एक पंचमाचा व एक मध्यमाचा. अकराव्यांत षड्ज परत येतो, आणि आमच्या कानांस तीच सम वाटे. परंतु बाराव्यांत वादक पुनः पंचमावर जातो, व तो पंचम पुढील आवर्तनाच्या षड्जाची ओढ लावतो. या शेवटच्या दोन विभागांस ‘टर्नअराउंड’ म्हणतात. त्यांतील एक चाल त्यानें गुणगुणून दाखविली: कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम, जणुं जिना उतरावा तशी.

आपली तिहाई तीनदां घोळून समेवर पोंचते, आणि जीव निवतो. येथें घरीं पाऊल टाकतांच पुन्हां वाट धरावयाची!

“मनानें वाजवितांना हेंच अवघड,” तो म्हणाला. “आपल्याच तानेंत रमलों कीं वळण हातचें जातें. नवव्या विभागांतच तें ऐकूं यावें लागतें.” समोर एक गृहस्थ महाप्याच्या रांगेंत शिरून ऐन वेळीं पनवेलीचें वळण घेऊं पाहत होते, मागें भोंग्यांचा कल्लोळ उसळला होता.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिणेंतील कृष्णवर्णीयांचें गाणें. डब्ल्यू. सी. हँडी यांनीं १९१४ सालीं ‘सेंट लुई ब्लूज’ प्रसिद्ध केलें. ब्लूजवर पोसलेलें जाझ १९३५ सालीं लिऑन ॲबी यांच्या ताफ्यानें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजविलें. पुढें हळदोण्याचे चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनीं तें चित्रपटांत आणलें. १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणीं आम्हीं लहानपणीं रेडिओवर आवडीनें ऐकलीं, आणि नातवाच्या हातीं तोच वारसा दिसतांच नाक मुरडलें!

रांग हलली. आमच्या चालकानें मोटार आधींच डावीकडे घेऊन ठेविली होती. तळोजें येण्यापूर्वीं पेटी उघडली गेली. तिसऱ्या आवर्तनांत वळण आम्हांस अगोदर ऐकूं आलें, व मान आपोआप डोलली. नातवानें तें पाहिलें.

“आजोबा, आतां शेवट करूं?”

“नको. पनवेल अजून लांब आहे.”